सासूचं घर, सुनेचं पद: विचखेड्याच्या सरपंचपदाचं प्रकरण

जळगाव जिल्ह्याच्या पारोळा तालुक्यात विचखेडा नावाचं गाव आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सरपंचपदावर मनीषा पानपाटील निवडून आल्या. जागा महिलांसाठी राखीव होती. पुढे गावातल्याच काही जणांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की सरपंचबाई सासूबरोबर ज्या घरात राहतात ते सरकारी जागेवर बांधलेलं आहे, तेव्हा त्यांना अपात्र ठरवा. पानपाटील यांचं म्हणणं वेगळं होतं. आपण नवरा आणि मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो, आणि सरकारी जागेवरचं ते घर मोडकळीला आलं म्हणून केव्हाच पाडून टाकलं आहे, असं त्यांनी सांगितलं. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तांत्रिक मुद्द्यावर याचिका फेटाळली. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने हे सगळे आदेश रद्द केले आणि मुदत संपेपर्यंत त्याच सरपंच राहतील असं सांगितलं.

अर्ज करणाऱ्यांनी सरपंच म्हणून त्यांच्या कामावर बोट ठेवलेलं नव्हतं, ही गोष्ट आधी नीट पाहायला हवी. निधी कुठे गेला, ठराव कसा झाला, काम कुणाला दिलं, यातला एकही प्रश्न त्या वादात नव्हता. प्रश्न एवढाच होता, की त्या राहतात कुठे. सर्वोच्च न्यायालयानेही नेमकं हेच टिपलं. कारभारात दोष सापडेना म्हणून विरोधक त्यांच्यावर शिंतोडे उडवायला निघाले असावेत, आणि मुळात एक बाई सरपंच झाली हेच गावातल्या काहींना पचलेलं नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

वंचित घरांतल्या तरुण मुलींनी राजकारणात यावं म्हणून आज बरीच माणसं आणि संस्था झटतात. सभेत बोलायची भीती घालवणं, अर्ज भरायला मदत करणं, प्रचारात सोबत उभं राहणं, अशी ही कामं. सगळी मोलाची. पण बहुतेक ठिकाणी हे काम मतमोजणीच्या दिवशी थांबतं. गुलाल उधळला, फोटो निघाले, की आपण पुढच्या गावाला जातो. विचखेड्याचं प्रकरण नेमकं तिथून पुढे सुरू होतं. निवडून आलेल्या बाईला मतांनी हरवता आलं नाही तर कागदाने हरवायचं, ही वाट आता गावोगाव सगळ्यांना ठाऊक झाली आहे. आणि ज्या तरुणीच्या घरी जमीन नाही, घराचा उतारा नाही, कुणी वकील ओळखीचा नाही, तिच्यासाठी ही वाट सगळ्यात घातक आहे.

कायदा काय बघतो

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. तिच्यातल्या अनुच्छेद २४३ डी ने पंचायतींत महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. तरुणांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद फार महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. अनुच्छेद २४३ एफ सांगतो, की वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला २५ पूर्ण नाहीत या कारणाने पंचायतीतून अपात्र ठरवता येणार नाही. आमदारकीला २५ लागतात, सरपंचपदाला २१ पुरतात. म्हणजे कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला घटनेने ग्रामपंचायतीचं दार उघडून दिलं.

पण त्याच २४३ एफ ने राज्यांना अपात्रतेची जादा कारणं कायद्यात घालायचीही मुभा दिली. महाराष्ट्राने ती मुभा मनापासून वापरली. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १४ उघडून बसलं तर यादी वाढतच गेलेली दिसते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर अपात्र. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर अपात्र. घरात शौचालय असल्याचं आणि ते वापरात असल्याचं प्रमाणपत्र नसेल तर अपात्र. राखीव जागेवर निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर पद गेलंच. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत दिला नाही तरी अपात्रतेची टांगती तलवार. शिवाय १ जानेवारी १९९५ नंतर जन्म असेल तर सातवी उत्तीर्ण हवंच. ही शेवटची अट तर फक्त तरुणांनाच लागते. साठीचा अशिक्षित पुढारी उभा राहू शकतो. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे जिची शाळा पाचवीत सुटली, ती पंचविशीतली मुलगी राहू शकत नाही.

विचखेड्यात वापरलं गेलं ते खंड (ज-३), म्हणजे सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण. ही तरतूद २००६ मध्ये आली आणि तिचा हेतू वाईट नव्हता. गायरान, रस्ता, तळ्याची जागा गिळून बसलेला माणूसच ग्रामपंचायतीत बसला तर अतिक्रमण हटवायचा ठराव करणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. गावोगाव धनदांडग्यांनी बळकावलेल्या जमिनी सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. सुरुवातीला प्रश्न असा पडला, की अतिक्रमण सासऱ्याने केलं असेल तर अपात्र कोण. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सागर धुंदरे प्रकरणात अर्थ मर्यादित केला, की ज्याने मूळ अतिक्रमण केलं तोच अपात्र. २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो अर्थ बदलला. मूळ अतिक्रमण दुसऱ्याने केलेलं असलं तरी त्या जागेचा ताबा किंवा उपभोग जो पुढे चालू ठेवतो, तोही अपात्र.

कायदेशीर तर्क समजण्यासारखा आहे. एकाने बळकवायचं आणि दुसऱ्याने निवडून यायचं, ही पळवाट त्याने बंद होते. पण हाच तर्क एका सुनेला लावून पाहा. लग्न होऊन ती त्या घरात येते तेव्हा भिंती आधीच उभ्या असतात. जागा कुणाची, उतारा कुणाच्या नावावर, कर भरला की थकला, हे तिला कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, म्हणजे नमुना ८ वर, तिचं नाव नसतं. तिसरं मूल हवं की नको हा निर्णय तिच्या एकटीचा असतो असं कोण म्हणेल? शौचालय बांधायचं की नाही हे ती ठरवत नाही. जातीचा दाखला निघतो माहेरच्या कागदांवर, बापाच्या आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर, आणि पद मिळतं सासरच्या गावात. घरात तिचा हक्क जवळजवळ शून्य, पण घराच्या प्रत्येक चुकीची किंमत तिच्या पदातून वसूल होते. अपात्रतेच्या या यादीतलं जवळजवळ प्रत्येक कलम पुरुषालाही सारखंच लागू आहे, हे खरं. पण पुरुष ज्या घराबद्दल उत्तर देतो ते घर बहुतेक वेळा त्याचं असतं. तो कर भरू शकतो, अतिक्रमण सोडू शकतो, उतारा काढू शकतो. सुनेला यातलं प्रत्येक काम दुसऱ्याला विनंती करून करून घ्यावं लागतं, आणि कधी कधी तो दुसराच तिच्या सरपंच होण्यावर नाराज असतो.

जागेचा इतिहासही इथे आठवायला हवा. सरकारी जागेवर कोण राहतं? ज्यांना गावठाणात जागा मिळाली नाही ते. दलित, पारधी, इतर भटक्या-विमुक्त जमाती, आदिवासी, धरणाने उठवलेली माणसं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच खानदेशात आणि मराठवाड्यात. पडीक सरकारी जमिनी कसणाऱ्यांना द्या, ही त्यातली मागणी. पुढे १९९१ मध्ये १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. राहत्या घरांसाठीही काही अटींवर १ जानेवारी २०११ पूर्वीची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचं धोरण आलं. दुसरीकडे २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरान अतिक्रमणांचा प्रश्न आला तेव्हा सरकारने दिलेला आकडा दोन लाखांहून अधिक होता आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. म्हणजे ज्या वस्त्यांतून तरुण मुली पुढे याव्यात असं आपण म्हणतो, त्यातल्या कितीतरी वस्त्या कागदावर अतिक्रमण आहेत. खंड (ज-३) तिथे राहणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्यावर आधीपासूनच लटकत असतो.

एक अर्ज, चार पायऱ्या

महिलांसाठी राखीव असलेल्या सरपंचपदावर अविश्वास ठराव आणायचा तर अधिनियमाच्या कलम ३५ नुसार तीन चतुर्थांश सदस्यांचं बळ लागतं. सात सदस्यांच्या पंचायतीत सहा जण. ही तरतूद महिलांना संरक्षण म्हणूनच केलेली आहे आणि ती चांगली आहे. पण सहा सदस्य फोडणं जमत नसेल तर अपात्रतेच्या अर्जासाठी असलेल्या कलम १६ कडे वळता येतं. तिथे एका माणसाचा अर्ज पुरतो. जिल्हाधिकारी चौकशी करतात, निर्णय देतात. त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंचा खर्च सारखा नसतो. अर्ज करणाऱ्याचं काही पणाला लागलेलं नसतं. हरला तरी त्याचं घर, त्याचं पद, त्याची अब्रू शाबूत. सरपंचबाईला मात्र गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला तारखांना जावं लागतं. मजुरी बुडते, लेकरं कुणाकडे तरी ठेवावी लागतात, वकिलाची फी उसनवारीने उभी राहते. पुढे विभागीय आयुक्तालय, औरंगाबाद, दिल्ली. प्रत्येक पायरीला घरचे विचारतात, की हे सगळं कशासाठी? पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षं उलटली तेव्हा विचखेड्याचा अंतिम निकाल लागला. राखीव जागा फिरती असते. पुढच्या खेपेला ती जागा महिलांसाठी राहील याची खात्री नाही, आणि खुल्या जागेवर तिला उमेदवारी कोण देणार? म्हणून वादात गेलेली वर्षं तिला पुन्हा मिळत नाहीत. ज्याला तिला रोखायचं आहे त्याला खटला जिंकायची गरजच नसते. तो लांबला तरी त्याचं काम होतं.

सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात कडक शब्द या पायऱ्यांबद्दलच आहे, आणि निकालाच्या बातम्यांत तो भाग मागे पडला असं मला वाटतं. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला काढण्यासारखी गंभीर गोष्ट अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या स्तरांवर अगदी सहज घेतली, आरोपांची शहानिशा न करता आदेश काढले, हे न्यायालयाने नोंदवलं. बाई आणि त्यातही राखीव जागेवरची असेल तेव्हा असं घडणं हा सगळ्या प्रशासनात झिरपलेल्या पूर्वग्रहाचा नमुना आहे, असंही म्हटलं. आरोपाच्या मानाने शिक्षा फारच जास्त होती, असंही न्यायालयाचं मत पडलं.

शहानिशा म्हणजे इथे काय अपेक्षित होतं? काही अवघड नाही. जागेवर जाऊन पंचनामा. भूमी अभिलेखाकडून मोजणी. बाई भाड्याच्या घरात राहते म्हणते तर घरमालकाचा जबाब, भाड्याची पावती, वीजबिल, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेतला पत्ता. पाडलेलं घर पाडलेलं आहे की नाही हे तर डोळ्यांनी दिसतं. एका दिवसात एका तलाठ्याने आणि एका विस्तार अधिकाऱ्याने मिळून होण्याजोगं हे काम. ते सुरुवातीलाच चोख झालं असतं तर प्रकरण दिल्लीपर्यंत जायचं कारण नव्हतं.

छत्तीसगडमधलं दुसरं टोक

विचखेड्याच्या निकालानंतर दोन महिने व्हायच्या आत, १४ नोव्हेंबर २०२४ रोजी, याच दोन न्यायाधीशांसमोर छत्तीसगडचं एक प्रकरण निघालं. ते शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, कारण विचखेड्यात अर्जदार गावकरी होते आणि इथे सरपंचाच्या विरोधात प्रशासन स्वतः उभं होतं.

जशपूर या आदिवासीबहुल जिल्ह्यातल्या साजबहार ग्रामपंचायतीच्या सोनम लाक्रा. निकालाच्या वेळी वय २७. २०२० मध्ये मोठ्या मताधिक्याने निवडून आलेल्या. ग्रामीण औद्योगिक पार्क योजनेतली दहा बांधकामं त्यांच्या पंचायतीकडे आली. कार्यादेशाच्या पत्रावर तारीख होती १६ डिसेंबर २०२२ आणि काम पूर्ण करायची मुदत तीन महिन्यांची. सरपंचांच्या म्हणण्याप्रमाणे ते पत्र त्यांच्या हातात पडलं २१ मार्च २०२३ रोजी. म्हणजे पत्र मिळालं तेव्हा मुदत उलटून गेलेली होती. मे महिन्यात कारणे दाखवा नोटीस आली, त्यांनी उत्तर दिलं, आणि १८ जानेवारी २०२४ रोजी बांधकामाला उशीर केला म्हणून त्यांना पदावरून काढलं. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने विचारलेला प्रश्न साधा आहे. बांधकाम म्हटलं की अभियंता लागतो, ठेकेदार लागतो, माल वेळेवर पोहोचावा लागतो, पाऊसपाणी बघावं लागतं. मग उशिराला एकटी सरपंच जबाबदार कशी? कारवाई म्हणजे निव्वळ बहाणा होता, असं म्हणून न्यायालयाने त्यांना पद परत दिलं, झालेल्या छळाबद्दल १ लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि ती रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करायची मोकळीकही ठेवली.

दोन्ही प्रकरणांत मला सारखी दिसते ती एक गोष्ट. दोन्ही ठिकाणी बाईच्या विरोधात वापरला गेलेला कागद तिच्या ताब्यात नव्हता. एका ठिकाणी तो घराचा होता, दुसरीकडे ऑफिसचा. जिच्या हातात कागद नाही तिच्या हातात पदही टिकत नाही.

हे रोजच्या कारभारातही दिसतं. वित्त आयोगाच्या निधीतून पैसे देताना आता सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते, पेनड्राइव्हएवढ्या. नव्याने निवडून आलेल्या तरुण सरपंचाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं, की ताई, डोंगल ऑफिसातच राहू द्या, तुम्हाला दर वेळी यायचा त्रास नको. ऐकायला किती काळजीचं वाटतं. मग डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये राहतो, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असतो, आणि कुठलं बिल कधी निघालं हे सहीवालीला सगळ्यात शेवटी कळतं. उद्या त्या बिलात घोळ निघाला तर कलम ३९ खाली गैरवर्तनाची चौकशी होते ती तिची. पूर्वी नवरे सही करायचे, लोक हसायचे, पण ते निदान दिसायचं. डोंगलच्या मागे कोण बसलं आहे हे दिसतही नाही.

तयारी कुठे करायची

या प्रकरणातून कामाच्या पद्धतीबद्दल मला जे दिसतं ते सांगतो.

उमेदवारी ठरायच्या आधी, निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, त्या मुलीच्या घराचे कागद तिच्यासोबत बसून बघायला हवेत. घर कुणाच्या नावावर आहे, नमुना ८ चा उतारा काय म्हणतो, जागा गावठाणात आहे की गायरानात, घरपट्टी-पाणीपट्टीची पावती कुठल्या वर्षापर्यंतची आहे. अतिक्रमण नियमानुकूल होण्यासारखं असेल तर तो अर्ज निवडणुकीच्या दोन वर्षं आधी लागायला हवा. होण्यासारखं नसेल आणि कुटुंब वेगळं राहू शकत असेल, तर भाडेकरार लेखी करून रेशनकार्ड आणि मतदारयादीतला पत्ता बदलून घ्यावा. पानपाटील वेगळ्या राहत होत्या असं त्या पहिल्यापासून सांगत होत्या. तेवढ्याने खालच्या पायऱ्यांवर काम झालं नाही. नुसतं खरं असणं पुरत नाही, ते खरेपण तारखेसह कागदावर लागतं.

जातीच्या दाखल्याचं काम तर याहून आधीचं. माहेरहून सासरी जाताना मुलीबरोबर भांडी जातात, कपाट जातं, तिच्या बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जात नाही. पुढे दहा वर्षांनी जातवैधतेसाठी भाऊ कागद शोधून द्यायला तयार असेल तर ठीक, नसेल तर राखीव जागेवर जिंकलेलं पद त्याच्या मर्जीवर. भटक्या जमातींत तर आजोबांचा पुरावाच सापडत नाही. अशा ठिकाणी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असताना, ती अजून घरी असताना, प्रमाणपत्र आणि वैधता दोन्ही काढून तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवणं हे कुठल्याही नेतृत्व शिबिराइतकंच राजकीय काम आहे. कॉलेजच्या प्रवेशासाठी बऱ्याच जणी ते काढतातही. ज्या शिकत नाहीत त्यांचं राहून जातं, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

निवडून आल्यावर पहिले सहा महिने कुणीतरी जाणतं माणूस तिच्यासोबत असावं. भाषण लिहून द्यायला नव्हे. ग्रामपंचायतीत येणारं प्रत्येक पत्र आवक नोंदवहीत कुठल्या तारखेला चढलं ते बघायला. आपल्याला मिळालं त्या दिवशी त्यावर तारीख टाकून सही करायची आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, एवढी एक सवय लागली तरी साजबहारसारखा प्रसंग लढवायला हत्यार मिळतं. प्रोसिडिंग बुकात कोऱ्या पानावर सही करायची नाही. डोंगल आपल्याच पर्समध्ये ठेवायचा. खर्चाचा हिशेब तीस दिवसांत स्वतः जाऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. हे सगळं करणारी बाई गावात ‘फार कायदा शिकवते’ म्हणून बदनाम होते, हेही तिला आधीच सांगून ठेवावं.

आणि ती एकटी असू नये. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरात होते. जिथे ती खरोखर होते, तिथे सरपंचाच्या विरोधात अर्ज आल्याची बातमी बायकांना आधी कळते, आणि ‘ही इथे राहते, आम्ही रोज बघतो’ असे जबाब द्यायला वीस जणी पुढे येतात. महाराष्ट्रात बायकांच्या बळावर पंचायती चालल्याचा वारसा जुना आहे. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने स्थानिक निवडणुकांत उतरायचं ठरवलं, आणि पुढे काही गावांत सगळ्या महिला असलेल्या पंचायती उभ्या राहिल्या. याच जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यातलं एक. आरक्षण यायच्या आधीची ही गोष्ट. त्या बायका एकेकट्या निवडून आल्या नव्हत्या, गटाने आल्या होत्या. एका राखीव जागेवर एकटी बसलेली तरुणी आणि तिच्या आजूबाजूला जुने कारभारी, ही आजची मांडणी त्या मानाने कितीतरी कठीण आहे.

जे बाईच्या तयारीने सुटणार नाही

एवढी सगळी तयारी करायला सांगणं म्हणजे पुन्हा ओझं तिच्यावरच टाकणं, असा आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. पुरुष उमेदवाराला आपण घरच्या उताऱ्यापासून डोंगलपर्यंतची शिकवणी देत नाही. म्हणून व्यवस्थेकडून काय हवं हेही तितक्याच स्पष्टपणे मागावं लागेल.

कलम १६ खालच्या चौकशीत जागेवरचा पंचनामा आणि मोजणी सक्तीची करावी, आणि ती केल्याशिवाय अपात्रतेचा आदेश निघू नये. अर्जावरचा निर्णय आणि त्यावरचं अपील यांना ठरावीक दिवसांची मुदत असावी आणि अपील चालू असेपर्यंत तिला काम करू द्यावं. खोटा अर्ज करणाऱ्याला काहीच भोगावं लागत नाही, तिथे खर्चाची रक्कम भरायला लावण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला हवा. साजबहारच्या निकालात १ लाख रुपये मिळाले ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्यावर. तो अधिकार पहिल्या पायरीवर का असू नये? वकिलाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींनाही आहे. अपात्रतेची नोटीस हातात पडलेल्या किती सरपंचबाईंना हे कुणी सांगतं? नोटिशीच्या खालीच ही ओळ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता छापायला हरकत काय?

खंड (ज-३) बद्दल माझं मत असं आहे. तो काढून टाकू नये, पण राहत्या घरापुरता त्याचा अर्थ बदलावा. ज्या व्यक्तीच्या नावावर ती जागा नाही, जिने ती घेतली नाही आणि जिला दुसरं घर नाही, तिला केवळ त्या छपराखाली झोपते म्हणून अपात्र ठरवणं न्याय्य नाही. गायरानात गाळे काढून भाडं खाणारा आणि बापजाद्यांच्या झोपडीत राहणारी सून, या दोघांना एकच कलम एकाच मापाने लागू नये. जनाबाई प्रकरणातला अर्थ तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने लावलेला असल्यामुळे विचखेड्याच्या दोन न्यायाधीशांच्या निकालाने तो बदललेला नाही. पानपाटील यांना न्याय मिळाला तो त्यांच्या प्रकरणातल्या तथ्यांवर आणि शिक्षेच्या अतिरेकावर. उद्या एखादी सून खरोखरच सासूच्या सरकारी जागेवरच्या घरात राहत असेल, तर तिला हा निकाल कितपत तारेल हे सांगता येत नाही. ती दुरुस्ती विधिमंडळालाच करावी लागेल, आणि ती मागायला सगळ्यात योग्य माणसं म्हणजे आज पदावर असलेल्या हजारो महिला सरपंच आणि सदस्य. जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांच्या बैठका होतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कलम १४ आणि कलम १६ हे दोन विषय घालण्यापासून सुरुवात करता येईल.